'एच' आणि 'एल'च्या भानगडी : थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनलचे रिपोर्ट वाचताना



सेमिस्टर संपत आलं की हॉस्टेलवर थकलेल्या चेहऱ्यांना तोटा नसतो. सबमिशन, ओरल्स, पी.एल.मधली जागरणं आणि मेसची तीच ती डाळ! कोणाचे केस गळतात, कोणाचं वजन वाढतं, कोणाला सकाळच्या लेक्चरला उठवतच नाही. मग कोणीतरी सल्ला देतं, "अगं, थायरॉइड चेक कर एकदा!" हल्ली तर फोनवर बुकिंग केलं की माणूस गेटवर येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट हजर. एका पॅकेजमध्ये साठ-सत्तर टेस्ट. त्यातल्या एखाद्या आकड्यासमोर ठळक 'एच' किंवा 'एल' दिसलं की झालंच! 'एच' म्हणजे हाय आणि 'एल' म्हणजे लो, एवढं सगळ्यांनाच कळतं. पण त्यापुढे काय? अर्धी मंडळी घाबरून रात्रभर इंटरनेट चाळतात आणि उरलेली अर्धी घरातल्या कोणाची तरी थायरॉइडची गोळी सुरू करायला निघतात.

मी काही मेडिकलची नाही, आपली इन्स्ट्रुमेंटेशनची. पण टी.ई.ला कंट्रोल सिस्टिम्स शिकल्यावर हे रिपोर्ट एकदम ओळखीचे वाटू लागले. कारण थायरॉइड काय किंवा अ‍ॅड्रिनल काय, दोन्ही म्हणजे चक्क क्लोज्ड लूप आहेत! आणि क्लोज्ड लूपमध्ये एका ठिकाणचं एकच रीडिंग बघून बिघाड कुठे आहे ते सांगता येत नाही. निदान तीन प्रश्न विचारावे लागतात. कंट्रोलर काय म्हणतोय? प्लँट काय देतोय? आणि रीडिंग कधी, कुठल्या परिस्थितीत घेतलंय? या लेखात एवढंच सांगायचं आहे. औषध सांगणं हे डॉक्टरांचं काम, ते त्यांनाच करू दे.

लूपची ओळख

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे या ग्रंथींची मराठी नावं मला माझ्या रूममेटने शिकवली. थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी, अ‍ॅड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी आणि पिट्युटरी म्हणजे पीयूषिका. (व्हायव्हाला विचारलं तर निदान एवढं सांगता येईल!)

थायरॉइड गळ्यात, श्वासनलिकेच्या समोर, फुलपाखराच्या आकाराची असते. तिचं मुख्य उत्पादन टी४. यात आयोडिनचे चार अणू असतात, म्हणून टी४. त्यातला एक अणू निघाला की टी३ होतं आणि पेशींवर खरं काम करतं ते हेच. अ‍ॅड्रिनल दोन असतात, प्रत्येक किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक. अ‍ॅड्रिनल म्हटलं की आपल्याला अ‍ॅड्रिनलिन आठवतं, पण ते ग्रंथीच्या आतल्या भागात तयार होतं. रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा बघतात ते कॉर्टिसॉल, आणि ते बाहेरच्या थरातून येतं. कॉर्टिसॉल रक्तदाब टिकवतं, साखर सांभाळतं आणि आजारपणात किंवा ऑपरेशनमध्ये शरीराला तग धरायला मदत करतं. याच थरातून अल्डोस्टेरॉन नावाचं आणखी एक हार्मोन निघतं, ते शरीरात मीठ धरून ठेवतं.

या दोन्ही प्लँटचा कंट्रोलर एकच, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी. थायरॉइडला ती टीएसएच पाठवते आणि अ‍ॅड्रिनलला एसीटीएच. तिच्याही वर हायपोथॅलॅमस हा साहेब बसलेला असतो.

आता हॉस्टेलचा गीझर आठवा. पाणी गार झालं की थर्मोस्टॅट हीटर चालू करतो, तापलं की बंद करतो. इथेही तसंच. रक्तात टी४ कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त झालं की टीएसएच जवळजवळ बंद करते. निगेटिव्ह फीडबॅक, दुसरं काही नाही! म्हणून टीएसएच 'हाय' आला तर थायरॉइड जोरात चालली आहे असं नसतं. बहुतेक वेळा ती मंदावलेली असते आणि कंट्रोलर ओरडून ओरडून तिच्याकडे उत्पादन मागत असतो. 'एच' दिसलं की 'जास्त झालं' असं समजणारे इथेच फसतात.

नॉर्मल म्हणजे नक्की काय?

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात रेफरन्स रेंज छापलेली असते. ती साधारणपणे अशी काढतात : बऱ्याच निरोगी माणसांची टेस्ट करायची आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा 'नॉर्मल' म्हणायचा. म्हणजे व्याख्येनेच १०० निरोगी माणसांपैकी ५ जण पट्ट्याबाहेर!

आता थोडं प्रोबॅबिलिटीचं गणित करू. निरोगी माणसाने एकमेकांवर अवलंबून नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ०.३६. याचा अर्थ निदान एक तरी 'एच' किंवा 'एल' मिळण्याची शक्यता ६४ टक्के! साठ-सत्तर टेस्टच्या पॅकेजमध्ये सगळं काही नॉर्मल आलं तर उलट त्याचंच आश्चर्य वाटायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा पट्टा लॅबप्रमाणे आणि मशिनप्रमाणे बदलतो. टीएसएचचा पट्टा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो, पण एक लॅब ४.२ छापते, दुसरी ५. त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या पट्ट्यावर ठेवून बघू नका. युनिटही तपासा. कॉर्टिसॉल काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला २७.६ ने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे १५ आणि ४१४ हे एकच कॉर्टिसॉल! युनिट न लिहिल्याबद्दल आपले मार्क कापतात ते उगाच नाही.

थायरॉइड : जोडीने वाचा

रक्तातलं टी४ जवळजवळ सगळं प्रोटीनला चिकटलेलं असतं. मोकळं फिरतं ते फक्त सुमारे ०.०३ टक्के, आणि काम तेवढंच करतं. म्हणून 'टोटल टी४' पेक्षा 'फ्री टी४' जास्त उपयोगी. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असताना प्रोटीन वाढतं आणि टोटल टी४ उगाचच जास्त दिसतं, फ्री टी४ मात्र साधारण जागेवर असतं.

टीएसएच हा फार संवेदनशील सिग्नल आहे. फ्री टी४ दुपटीने बदललं तर टीएसएच जवळपास १०० पटीने बदलू शकतो, म्हणजे संबंध लॉग स्केलवरचा. त्यामुळे टी४ अजून पट्ट्यात असतानाच टीएसएच आधी इशारा देतो. म्हणूनच डॉक्टर पहिल्यांदा टीएसएच सांगतात आणि तो बिघडलेला असला की फ्री टी४.

चार जोड्या लक्षात ठेवल्या की बरंचसं काम होतं. खालचे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. फ्री टी४ चा पट्टा ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरू.

पहिली जोडी : टीएसएच ४८, फ्री टी४ ०.५. कंट्रोलर ओरडतोय, प्लँट देत नाही. बिघाड प्लँटमध्ये, म्हणजे सरळसरळ हायपोथायरॉइड. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, मुलींमध्ये पाळी बिघडणं ही लक्षणं असू शकतात. बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटलेली असते, ते अँटी-टीपीओ या टेस्टने कळतं. उपाय सोपा आहे, रोज थायरॉक्सिनची गोळी, पण डोस डॉक्टर ठरवणार.

दुसरी जोडी : टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ ३.४. प्लँट सुसाट सुटलाय आणि कंट्रोलरने सिग्नल बंद केलाय. हा हायपरथायरॉइड. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, भूक लागूनही वजन कमी होणं. यात थांबू नये, लवकर डॉक्टरांकडे जावं.

तिसरी जोडी : टीएसएच ६.२, फ्री टी४ १.२. हॉस्टेलवर सगळ्यात जास्त गोंधळ याच जोडीने होतो. कंट्रोलर थोडा जास्त जोर लावतोय, पण उत्पादन पुरेसं आहे. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइड म्हणतात. इथे घाई नको. टीएसएच दिवसभर बदलतो, मध्यरात्रीनंतर सर्वात जास्त आणि दुपारी कमी. डेंग्यू किंवा टायफॉइडसारख्या आजारातून उठल्यावर काही आठवडे तो तात्पुरता वाढू शकतो. म्हणून बहुतेक डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये पुन्हा टेस्ट करायला सांगतात. अनेकांचा आकडा आपोआप खाली येतो. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला, लक्षणं असली, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलं किंवा गरोदरपण असलं, तर गोष्ट वेगळी.

चौथी जोडी : टीएसएच १.८, फ्री टी४ ०.५. टीएसएचसमोर 'एच' नाही की 'एल' नाही. फक्त टीएसएच केला असता तर 'नॉर्मल' म्हणून फाईल बंद! पण विचार करा, टी४ इतकं कमी असताना कंट्रोलर गप्प का? टीएसएच पन्नासच्या घरात असायला हवा होता. म्हणजे बिघाड कंट्रोलरमध्ये, पिट्युटरीत आहे. बाळंतपणात फार रक्तस्राव झाल्यावर पिट्युटरीला इजा होऊन असं होतं, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पिट्युटरीच्या गाठीमुळेही होतं. अशा वेळी एसीटीएचचा सिग्नलही बंद असू शकतो, म्हणून कॉर्टिसॉल बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. याचं कारण पुढे येईलच.

आणि सेटलिंग टाइम विसरू नका! टी४ चा हाफ-लाइफ सुमारे ७ दिवस. डोस बदलला की नवी लेव्हल स्थिर व्हायला पाच हाफ-लाइफ, म्हणजे पाचेक आठवडे लागणार. म्हणूनच डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायला सांगतात. गोळी सुरू करून दहाव्या दिवशी टेस्ट करणं म्हणजे ट्रान्झियंटमध्ये रीडिंग घेऊन त्यालाच स्टेडी स्टेट म्हणणं.

कॉर्टिसॉल : आधी घड्याळ बघा

थायरॉइड निवांत प्लँट आहे, कॉर्टिसॉल मात्र तासातासाला बदलतं. पहाटेपासून ते चढतं, जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असतं, संध्याकाळपर्यंत निम्म्याहून खाली येतं आणि मध्यरात्री अगदी तळाला जातं. सकाळी ८ ला साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा पट्टा असतो. तोच आकडा दुपारी ४ ला घेतला तर त्याचा अर्थच बदलतो.

दुपारी ४ चं कॉर्टिसॉल ४.५, आणि रिपोर्टवर सकाळच्या पट्ट्याप्रमाणे ठळक 'एल'. आजार आहे का? या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण दुपारी एवढं असणं स्वाभाविक आहे. उलट रात्री १२ ला १४ आलं तर पट्ट्यात बसत असूनही ते संशयास्पद, कारण त्या वेळी ते तळाला असायला हवं.

यात आपल्यासारख्या निशाचरांची आणखी एक गंमत. शरीराचं घड्याळ झोप आणि उजेडावर चालतं. महिनाभर रोज पहाटे ५ ला झोपून दुपारी १ ला उठणाऱ्याचं 'सकाळी ८' हे शरीराच्या हिशोबाने मध्यरात्रीच्या जवळ असू शकतं. म्हणून टेस्टच्या आधी काही दिवस झोपेची वेळ सुधारा, आणि ते जमलं नाही तर निदान डॉक्टरांना खरं सांगा. सुईची भीती, ताप, परीक्षेचा ताण यांनीही कॉर्टिसॉल वर जातं.

सकाळचं कॉर्टिसॉल ३ पेक्षा कमी असेल तर अ‍ॅड्रिनल कमी पडत असल्याची शक्यता बरीच. १५ ते १८ च्या वर असेल तर तसं असण्याची शक्यता खूप कमी. मधल्या आकड्यांवर मात्र निर्णय देता येत नाही. मग काय करायचं?

स्टेप रिस्पॉन्स!

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उडाले. आपण लॅबमध्ये जे करतो तेच डॉक्टर करतात. सिस्टिमला माहीत असलेला इनपुट द्यायचा आणि आउटपुट बघायचं. कृत्रिम एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन द्यायचं आणि कॉर्टिसॉल सुरुवातीला, ३० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी मोजायचं. प्लँट धड असेल तर कॉर्टिसॉल उसळी मारून वर जातं. जुन्या पद्धतीत १८ च्या वर गेलं की पास म्हणत, नव्या जास्त अचूक मशिनवर ही रेषा थोडी खाली, १४-१५ च्या आसपास धरतात.

उलट, कॉर्टिसॉल फार जास्त असल्याची शंका असेल तर कंट्रोलरला दाबून बघतात. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि सकाळी ८ ला कॉर्टिसॉल मोजायचं. लूप शाबूत असेल तर पिट्युटरी गप्प बसते आणि कॉर्टिसॉल १.८ च्या खाली येतं. नाही आलं तर पुढच्या तपासण्या. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. गोल झालेला चेहरा, पोटावर जांभळट पट्टे, चटकन काळे-निळे होणं, दंड-मांड्यांमध्ये अशक्तपणा.

कॉर्टिसॉल कमी असताना एसीटीएच वाचायचा तो थायरॉइडच्याच नियमाने. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएच खूप जास्त, तर बिघाड अ‍ॅड्रिनलमध्ये. दोन्ही कमी, तर वर पिट्युटरीत, किंवा बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे.

सेन्सरला फसवणाऱ्या गोष्टी

हॉस्टेलच्या खाऱ्या पाण्याला शिव्या देत केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणारे आपल्याकडे कमी नाहीत. बऱ्याच लॅब मशिनमध्ये मोजणीसाठी बायोटिनचीच एक रासायनिक जोडी वापरलेली असते. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर त्या मशिनवर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे कागदावर अगदी वरची दुसरी जोडी, आणि माणूस ठणठणीत! अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, स्टेरॉइड. गोरं दिसण्यासाठी किंवा गजकर्णासाठी मेडिकलमधून आणलेल्या कित्येक ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच गैरवापरामुळे. सांधेदुखीवर किंवा वजन वाढवायला म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड सापडतं. हे बाहेरून आलेलं स्टेरॉइड बघून पिट्युटरी समजते की माल भरपूर आहे. ती एसीटीएच बंद करते आणि बेकार बसलेली अ‍ॅड्रिनल आकसते. मग एक दिवस गोळी अचानक थांबवली की आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही! तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या मनाने कधीही एकदम बंद करू नका. डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करा. आणि दम्याचा इन्हेलर या लेखामुळे घाबरून बंद करू नका, ते तर त्याहून वाईट.

दोन्ही लूप एकत्र बिघडले तर

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

१८५५ मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरने अ‍ॅड्रिनल निकामी झाल्याने होणाऱ्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा त्याचं मोठं कारण क्षयरोग होतं. आपल्या देशात ते कारण आजही संपलेलं नाही. दुसरं कारण, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणं. ज्यांची ती अ‍ॅड्रिनलवर उलटते त्यांच्या थायरॉइडवरही उलटण्याची शक्यता असते.

प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी. १९४७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना लंडनमध्ये अ‍ॅडिसनचा आजार असल्याचं निदान झालं. पुढे त्यांना थायरॉइडचंही औषध चालू होतं. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या लोकांनी हा आजार असल्याचं नाकारलं. पण १९५५ मध्येच सर्जरीच्या एका जर्नलमध्ये अ‍ॅडिसनचा आजार असलेल्या एका निनावी ३७ वर्षांच्या पेशंटच्या पाठीच्या ऑपरेशनची हकिगत छापून आली होती. तो पेशंट म्हणजे केनेडीच, हे नंतर उघड झालं. योग्य औषधं मिळाली तर हा आजार असलेला माणूस देशही चालवू शकतो, हे त्यातून दिसतं. धोका असतो तो निदान न झालेल्याला.

समजा हा रिपोर्ट : टीएसएच ७.५, फ्री टी४ ०.९, सोडियम १२८, पोटॅशियम ५.६. मुलगी सारखी थकलेली, वजन घटलेलं, उभं राहिलं की चक्कर, मळमळ, लोणच्यातलं मीठसुद्धा चाटावंसं वाटतं, आणि ऊन नसताना तळहातांच्या रेषा आणि हिरड्या काळपट झालेल्या. पटकन वाचणारा म्हणेल, "टीएसएच जास्त, थकवा आहे, थायरॉइडच! गोळी सुरू कर." इथेच घात होतो. थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसॉल जास्त वेगाने मोडून टाकतं. आधीच तुटपुंजं असलेलं कॉर्टिसॉल आणखी कमी पडतं आणि रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. अशा वेळी ताबडतोब हॉस्पिटल, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि सलाईन, दुसरा उपाय नाही.

खरं तर कमी सोडियम आणि जास्त पोटॅशियम ही जोडी बघूनच थांबायला हवं होतं. तिचं सकाळी ८ चं कॉर्टिसॉल केलं असतं तर २ च्या आसपास आलं असतं. नियम असा की आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉक्सिन. पुष्कळदा कॉर्टिसॉल दिल्यावर तो थोडासा वाढलेला टीएसएच आपोआप खाली येतो, कारण कॉर्टिसॉलची कमतरताच त्याला वर ढकलत असते. म्हणजे थायरॉइडची गोळी लागलीच नसती!

मैत्रिणीच्या आईची गोळी 'ट्राय' करून बघू नका असं मी सांगते त्याचं कारण हे. अ‍ॅडिसनचा आजार दुर्मिळ आहे, हॉस्टेलच्या प्रत्येक थकलेल्या मुलाला तो नसतो. पण ज्याला असेल त्याला चुकीची गोळी आधी जाणं परवडणारं नाही.

आणि 'अ‍ॅड्रिनल फटीग'?

ताणामुळे अ‍ॅड्रिनल 'थकते', तिला ताकद द्यायची पावडर घ्या, दिवसातून चार वेळा लाळेतलं कॉर्टिसॉल मोजा, अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. हा शब्द १९९८ मध्ये जेम्स विल्सन यांनी रूढ केला. हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना हा आजार मानत नाहीत. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी तोवरचे अभ्यास तपासून असा आजार सिद्ध होत नाही असाच निष्कर्ष काढला. लाळेतली टेस्ट मुळात खोटी नाही, रात्री उशिरा घेतलेली लाळ कुशिंगच्या तपासणीत खरोखर वापरतात. पण ती थकव्याचं मीटर नाही. वाईट हे की अशा काही पुड्यांमध्ये प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क असतो, आणि लूप बिघडवायला तो पुरेसा ठरू शकतो.

थकवा मात्र खरा असतो, तो कोणी नाकारत नाही. त्याची नेहमीची कारणं म्हणजे कमी झोप, कमी हिमोग्लोबिन, बी-१२ ची कमतरता, वाढलेली साखर, आणि मनाची उदासी. शेवटच्या गोष्टीबद्दल आपण फारच कमी बोलतो.

टेस्टला जाण्याआधी

१. टीएसएचसाठी उपाशी असण्याची सक्ती नाही, पण दरवेळी साधारण तीच वेळ आणि तीच लॅब ठेवा.

२. थायरॉक्सिन चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

३. कॉर्टिसॉलसाठी सकाळी ८ ते ९, आणि रक्त घेतल्याची वेळ कागदावर लिहून घ्या.

४. चालू असलेली प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना सांगा : बायोटिन, मलम, इन्हेलर, जिमची पावडर, काढा, हार्मोनच्या गोळ्या. लाजू नका.

५. ताप किंवा मोठा आजार नुकताच झाला असेल आणि फार निकड नसेल, तर टेस्ट पुढे ढकलता येईल का ते विचारा.

६. जुने रिपोर्ट जपून ठेवा. एकाच माणसाचं टी४ वर्षानुवर्षं अगदी चिंचोळ्या पट्ट्यात असतं. त्यामुळे छापील रेंजपेक्षा तुमचा मागचा आकडा कधी कधी जास्त सांगून जातो.

आणि थकव्याबरोबर उलट्या, उभं राहिल्यावर चक्कर, त्वचा काळवंडणं किंवा वजन झपाट्याने घटणं असेल, किंवा छातीत धडधड थांबत नसेल, तर पॅकेज बुक करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टर सरांना किंवा मॅडमना उठवा आणि हॉस्पिटल गाठा. हॉस्टेलच्या स्टाफलाही विनंती, असं मूल दिसलं तर "जागरणं कमी कर" एवढ्यावर सोडू नका, डॉक्टरकडे पाठवा. ही विनंती तुमच्या स्वतःसाठीसुद्धा आहे, कारण स्टाफरूममध्येही टीएसएचच्या गप्पा काही कमी चालत नाहीत!

बाकी येत्या परीक्षेसाठी सर्वांना शुभेच्छा. रोज निदान सात तास झोपा.

— एक टी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), लेडीज हॉस्टेल